खडीसाखरेची डबी : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दातांच्या डॉक्टरांकडून आत्ताच आलो. आप्पांच्या खालच्या पुढच्या चार दातांना कीड लागलीये, तीही वर नाही, मुळाशी. हिरड्या खाली सरकल्यात, मूळ उघडं पडलंय आणि मुळावर इनॅमलचं कवच नसतं. डॉक्टरबाईंनी टोकदार सळई तिथं टेकवली तर ती भिजक्या लाकडात रुतावी तशी रुतली. मी वाकून बघत होते म्हणून दिसलं. आप्पांना काही दुखत नव्हतं, आणि खरी अडचण तीच आहे.

बाईंनी विचारलं, "आजोबा, दिवसभर तोंडात काय असतं?"

"काय नसतंय," म्हणत आप्पा खुर्चीवरून उठले, आणि सदऱ्याच्या खिशातली डबी खुळखुळली.

डबीत खडीसाखर. वर्षभरापूर्वी लघवीच्या तक्रारीसाठी एक गोळी सुरू झाली, तेव्हापासून त्यांचं तोंड कोरडं पडतं. पाणी प्यावं तर पुन्हा लघवी. म्हणून आईनं सांगितलं, खडीसाखर चघळा, घशाला बरी असते. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडायच्या भांड्यावर, काढलेल्या माणसाला हे औषध पटायला किती वेळ लागणार!

बाईंनी दोन दातांत पुढच्या आठवड्यात सिमेंट भरायचं ठरवलंय. उरलेल्या दोघांवर फ्लोराइडचं व्हार्निश लावून वाट बघायची. बिनफ्लोराइडचं मंजन बंद, फ्लोराइडची पेस्ट सुरू. निघताना म्हणाल्या, "आणि त्या डबीचं काहीतरी करा."

ही वही त्या "काहीतरी"साठी. अकरावी-बारावीच्या पोरांना प्रकल्पवही घालायला लावते, आता स्वतःच घालते.

१० नोव्हेंबर, रविवार

आधी मोजणी. सकाळी डबीत मोजून ५० खडे भरले. रात्री ३१ उरले. म्हणजे १९ खडे, वर पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर.

वजन केलं तर ही साखर फार भरत नाही. आप्पांनीही तेच ऐकवलं, "खडा केवढा असतोय? शेंगदाण्याएवढा!" पण दाताला वजनाशी देणंघेणं नसतं. साखर तोंडात गेली की दातावरच्या थरातले जंतू ती आंबवून आम्ल करतात, काही मिनिटांत तिथला पीएच (जितका खाली तितकं आम्ल जास्त) कोसळतो आणि लाळ तो हळूहळू वर आणते. त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. इनॅमल विरघळायला पीएच साडेपाचच्या आसपास उतरावा लागतो, उघडं मूळ मात्र सहाच्या थोडं वर असतानाच विरघळायला लागतं. आता दिवसाचे सोळा जागे तास धरा, त्यात चोवीस वेळा साखर, आणि वर आणणारी लाळच आटलेली. आप्पांच्या तोंडातला आलेख वर यायला सवडच मिळत नाही.

हे वहीच्या पानावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. मग म्हणाले, "खडीसाखर नैसर्गिक असती. ह्यात केमिकल न्हाई."

कॉलेजातही रोज ऐकते हे. गूळ नैसर्गिक, मध नैसर्गिक, काकवी नैसर्गिक. असेलही. तोंडातले जंतूही नैसर्गिकच आहेत, त्यांना तिन्ही चालतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

कालपासून हंगाम सुरू झाला. दोन-चार दिवसांत हवेत मळीचा वास येईल आणि आप्पा संध्याकाळी गच्चीवर जाऊन नाक वर करून उभे राहतील.

दोन दातांत सिमेंट भरून झालं. मी वाचत बसलेय.

चघळणं बंद करणं शक्य नाही, तोंड खरंच कोरडं आहे. तेव्हा चघळायची वस्तू बदलायची. गोड लागेल, चघळल्यानं लाळ सुटेल, पण जंतूंना आंबवता येणार नाही असं काही. फिरून फिरून गाडी झायलिटॉलवर येते.

माहिती थोडक्यात. १८९१ च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर यांनी बीच झाडाच्या लाकडापासून आणि त्याच वेळी फ्रान्समध्ये बर्ट्रांड यांनी गव्हाच्या काडापासून हा पदार्थ मिळवला. नावही लाकडावरूनच, ग्रीकमध्ये झायलॉन म्हणजे लाकूड. फ्लॉवर, स्ट्रॉबेरी, आलुबुखार यांत थोडा थोडा असतो, आपलं शरीरही रोज काही ग्रॅम तयार करतं. गोडी साखरेइतकीच, उष्मांक ग्रॅममागे ४ ऐवजी २.४. बाजारातला मात्र मक्याच्या बुरकुंड्यांपासून किंवा बर्चच्या लाकडापासून काढतात. आधी त्यातली झायलोज नावाची साखर वेगळी करायची, मग निकेलच्या सान्निध्यात दाबाखाली हायड्रोजन जोडायचा. म्हणजे उगम झाडात, जन्म कारखान्यात. "नैसर्गिक" हा शब्द पाकिटावर मोठ्या अक्षरात आहे. मी वहीत लिहिणार नाही.

दातांशी त्याचं नातं फिनलंडमध्ये जुळलं. तुर्कू शहरात १९७२ ते १९७५ दरम्यान शाइनिन आणि मॅकिनेन यांनी १२५ माणसांच्या जेवणातली साखर दोन वर्षं बदलून बघितली. एका गटाला नेहमीची साखर, दुसऱ्याला फ्रुक्टोज, तिसऱ्याला झायलिटॉल. किडक्या पृष्ठभागांची सरासरी वाढ साखरवाल्यांत ७.२, फ्रुक्टोजवाल्यांत ३.८ आणि झायलिटॉलवाल्यांत शून्य. हा आकडा बघून कुणीही उडेल. पण त्या लोकांनी ताटातली सगळी साखर बदलली होती, आणि आपण बदलणार एक डबी.

नंतरच्या मोठ्या चाचण्यांचे आकडे इतके उडवणारे नाहीत. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानं बहुतेक पुरावा कमकुवत ठरवला. अमेरिकेत ६९१ प्रौढांचे दोन गट केले, ३३ महिने एकाला रोज झायलिटॉलच्या एकेक ग्रॅमच्या पाच गोळ्या, दुसऱ्याला बिनझायलिटॉलच्या. एकूण कीड १० टक्क्यांनी कमी, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकीच. पण त्याच माणसांच्या दातांची मुळं वेगळी मोजली तेव्हा तिथली कीड ४० टक्क्यांनी कमी निघाली.

मुळं. मी वाक्य दोनदा वाचलं. आप्पांचं दुखणं तेच आहे. ठरलं, एक ग्रॅमच्या पाच गोळ्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल विधानसभेचा निकाल लागला, रात्री उशिरापर्यंत फटाके. झायलिटॉलचं पाकीट त्या गोंगाटातच आलं. किलोला साडेसातशे रुपये. आप्पांनी पाकिटावरची किंमत वाचून ते हळूच खाली ठेवलं, काच असल्यासारखं. म्हणाले, "ह्यात साखरेचं अर्धं पोतं आलं असतं." तसं नाही आलं असतं, पण मुद्दा पोचला.

चवीला साखरेसारखंच, फक्त जिभेवर गार पडतं. विरघळताना तोंडातली उष्णता ओढून घेतं म्हणून. साखरही घेते, पण झायलिटॉल तिच्या आठपट तरी घेतं.

दुपारी फुग्यांचा प्रयोग केला. दोन सारख्या बाटल्या, दोन्हींत कोमट पाणी आणि बेकरीचं यीस्ट. एकीत दोन चमचे साखर, दुसरीत दोन चमचे झायलिटॉल, तोंडावर फुगे. अर्ध्या तासात साखरेचा फुगा उभा राहिला, तासाभरात लिंबाएवढा झाला. दुसरा मानेवर पडून राहिला तो राहिलाच. यीस्ट म्हणजे काही दातांतले जंतू नव्हेत, पोरांना दाखवताना हे सांगावं लागेल. पण आप्पांना जे कळायचं ते कळलं.

"मग ते जंतू ह्याला तोंडच लावत न्हाईत?"

लावतात, हीच तर गंमत आहे. दात किडवणाऱ्या जंतूंत मुख्य असलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स झायलिटॉलला फ्रुक्टोजच्या दारानं आत घेतो, त्याला फॉस्फेट चिकटवतो, आणि पुढं त्याचं काही करता येत नाही म्हणून पुन्हा बाहेर काढतो. खर्च झालेली शक्ती वाया. आप्पा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे गाडी काट्यावर घेतली, आत सोडली, पण ऊस गव्हाणीत पडंना. भरली गाडी परत बाहेर. डिझेल कारखान्याचं."

वर्गात यापुढं हेच सांगणार.

१ डिसेंबर, रविवार

पहिला घाणा. पूर्ण फसला.

२०० ग्रॅम झायलिटॉल स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर. ९४ अंशांच्या आसपास वितळायला लागलं. सगळे कण जाईपर्यंत ठेवलं, थर्मामीटर १२५ वर गेला. काचेसारखा स्वच्छ रस. कोरडी साखर या तापमानाला वितळलेलीही नसते, हे पूर्ण वितळलं तरी रंगही नाही आणि वासही नाही. सिलिकॉनच्या साच्यांत ओतलं. सोनाराचा छोटा काटा गुजरीतून, सराफांच्या गल्लीतून, आणलाय, त्यावर तोलून खळगा बरोबर एक ग्रॅमचा निघाला, त्याचा आनंद.

संध्याकाळी खळग्यात डिंक. रात्रीही डिंकच. फ्रिजमध्ये ठेवलं तर जास्त घट्ट डिंक. आईनं बोटानं ओढून बघितलं आणि म्हणाली, "पाकाला तार पण धरत नाही गं हे."

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी उठले तर आप्पा साचा हातात घेऊन खिडकीशी उभे. चहा निवून गेलेला.

"ग्रेन आलेलं न्हाई."

मग कपभर चहा होईस्तोवर त्यांनी जे सांगितलं ते मला एम. एस्सी.ला कुणी सांगितलं नव्हतं. पॅनमध्ये सिरप कितीही घट्ट केलं तरी आपोआप दाणा धरेलच असं नाही. धरला तरी वेडावाकडा, कुठं मोठा, कुठं पीठ. म्हणून बीज टाकायचं, बारीक दळलेली साखर स्पिरिटात कालवून. नेमक्या वेळी टाकायचं. आधी टाकलं तर विरघळून जातं, उशिरा टाकलं तर नको तिथं नको तितका दाणा उठतो, त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. मग प्रूफ स्टिकनं नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा. "मशीन आता आली. आम्ही काचंवर डोळ्यानं बघायचो आणि बोटानं."

"तू काय केलंस, सगळं बीज मारून टाकलंस. सव्वाशेला नेलंस. एक कण शिल्लक न्हाई, मग दाणा बसंल कशावर?"

बरोबर आहे. स्वच्छ रस निघाल्याचं मला कौतुक वाटत होतं, आणि तोच घोळ होता. वितळलेलं झायलिटॉल थंड झालं तरी कण मिळेपर्यंत दिवसच्या दिवस पाकळ राहू शकतं.

८ डिसेंबर, रविवार

दुसरा घाणा. आजचा पॅनमन : आप्पा. मी मदतनीस.

वितळवणं पातेल्यात पातेलं ठेवून, उकळत्या पाण्यावर. वेळ लागतो, पण तापमान हाताबाहेर जात नाही. दहा ग्रॅम झायलिटॉल मिक्सरवर पिठासारखं दळून बाजूला. सगळं वितळल्यावर पातेलं खाली घेतलं. ९२, ९१, ९०. मी पीठ टाकायला गेले तर आप्पांनी मनगट धरलं. "थांब." ८८ ला सोडलं. "आता."

पीठ पडताच रस धुरकट झाला. आप्पा लाकडी चमच्यानं एकाच दिशेनं ढवळत होते, डोळे रसावर नाहीत, चमच्यावर. हाताला जड लागायला लागलं की सांगतो म्हणाले. मग कॉलेजातून आणलेल्या काचपट्टीवर एक थेंब पसरून ट्यूबलाइटसमोर धरला. मला धुकं दिसलं. त्यांना दाणा दिसला. "सोड." मी ओतलं.

पंचेचाळीस मिनिटांत कडक. साचा उलटा केला तर गोळ्या ताटात टणटण पडल्या, पांढऱ्याशुभ्र, कडेला थोड्या खडबडीत. १८७ गोळ्या, वजन ०.९६ ते १.०५ ग्रॅम.

वेलदोड्याची पूड घातलीये. आप्पांना लिंबू हवं होतं, लाळ सुटते म्हणून. नाही घातलं. लिंबाचं आम्ल थेट दातालाच खातं, मग जंतूंचा बंदोबस्त करून काय उपयोग!

रात्री जेवताना त्यांना सांगितलं की गुवाहाटीच्या आयआयटीत बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, झायलिटॉल करण्याचं काम झालंय. आंबवताना अल्ट्रासाउंड लावलं की ४८ तासांचं काम १५ तासांत होतं. आप्पांचा घास हातातच राहिला. "बगॅस? आम्ही बॉयलरात जाळायचो की!" आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "साडेसातशे रुपये किलो."

१० डिसेंबर, मंगळवार

गोळ्या बरणीत आहेत, पण सुरू केलेल्या नाहीत. कारण याच वर्षी जूनमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचं काम युरोपियन हार्ट जर्नलमध्ये आलंय. ज्यांच्या रक्तात झायलिटॉल जास्त होतं त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. शिवाय निरोगी माणसांना एका वेळी ३० ग्रॅम पाजल्यावर रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, काही तास जास्त चिकट झाल्या. रक्तातलं ते झायलिटॉल खाल्लेलं की शरीरानं केलेलं, यावर वाद आहे. आपला डोस दिवसभरात मिळून ५ ग्रॅम, तोही विभागून. पण आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे, बीपीची गोळी चालू. यावर मी एकटीनं निर्णय घेणं बरोबर नाही.

फिजिशियनना भेटलो. कागद त्यांनी वाचला. हृदयाचा पूर्वीचा त्रास नाही, पाच ग्रॅमच्या वर जायचं नाही, खाण्यात दुसरीकडं कुठं वापरायचं नाही, या बोलीवर हो म्हणाले. मग त्यांनी उलट विचारलं, "पण तोंड कोरडं का पडतं?"

मी लघवीच्या गोळीचं नाव सांगितलं. ते हसले नाहीत. त्या गटातल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतंच, पुस्तकात पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. वर्षभर आम्ही खडीसाखर पुरवत राहिलो आणि हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. दुसऱ्या गटातली गोळी मिळते, पण ती बीपी वाढवू शकते. म्हणून आधी याच गोळीचा डोस निम्मा करून बघायचं.

इथं प्रयोगाचा प्रयोग म्हणून बोजवारा उडाला, याची नोंद. पेस्ट बदलली, व्हार्निश लागलं, गोळी निम्मी झाली आणि आता झायलिटॉल. उद्या दात सुधारले तर कशानं, ते सांगता येणार नाही. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी गुण कापले असते. पण दात आप्पांचे आहेत.

१५ डिसेंबर, रविवार

सुरुवात. पाच गोळ्या : नाश्ता, जेवण आणि दोन चहांनंतर एकेक, एक झोपायच्या आधी. चावायची नाही. मधल्या वेळी कोरड पडली तर घोटभर पाणी नुसतं तोंडात फिरवायचं.

आप्पांचं मत : "गोड हाय. पण पोट भरल्यासारखं वाटत न्हाई." खडीसाखरेनं पोट कसं भरायचं, हे मी विचारलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

आज हात गार पडले.

वाघ्या आमचा कुत्रा, चौदा किलोचा. आप्पा रोज संध्याकाळी गच्चीवर त्याला खडीसाखरेचा एक खडा टाकतात. गेली पाच वर्षं. मी कपडे काढायला वर गेले तर आप्पांच्या बोटांत पांढरी गोळी, वाघ्या मागच्या दोन पायांवर बसलेला, जीभ बाहेर. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरच्या वहिनी धावत कठड्याशी आल्या.

माणसाला जे चालतं ते कुत्र्याला विष. झायलिटॉल पोटात गेलं की कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅमला धोका सुरू, ०.५ च्या पुढं यकृत जाऊ शकतं. वाघ्याचा हिशेब केला : १.४ ग्रॅम. म्हणजे दोन गोळ्या पुरे होत्या. मला हे माहीत होतं, पहिल्या आठवड्यात वाचलेलं. घरात सांगितलं नव्हतं. चूक माझी, आप्पांची नाही.

बरणी आता वरच्या फळीवर, घट्ट झाकणाची, त्यावर लाल पट्टी : "कुत्र्याला नाही." साच्यातून सांडलेले तुकडे शोधायला कॉटखाली बॅटरी घेऊन झाडलं. वाघ्याचा संध्याकाळचा खाऊ आजपासून भाकरीचा तुकडा. आप्पा रात्री त्याच्याजवळ बराच वेळ बसून होते.

५ जानेवारी २०२५, रविवार

आप्पांचे कारखान्यातले जुने मित्र आले होते. आप्पांनी घाण्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि बरणी पुढं केली. गप्पांच्या भरात त्यांनी मूठ-मूठ करून पंचवीस-तीस गोळ्या संपवल्या. दुपारी फोन : पोटात गडगड, तिसऱ्यांदा जाऊन आलो. झायलिटॉल आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, पाणी ओढून घेतं. काळजीचं काही नाही, मीठ-साखर-पाणी घ्या म्हटलं. ते म्हणाले, "साखर चालंल का?"

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आईच्या हट्टापायी झायलिटॉलची तिळाची वडी. नाव काढू नये अशी झाली. पाक तार धरत नाही, तीळ एकमेकांना धरत नाहीत, सुरी लावली की भुगा. हलव्याच्या नादी लागलोच नाही. जेवढी वडी शाबूत निघाली ती तोंडात टाकली तर तिळाच्या खमंगपणावर एकदम बामसारखा गारवा.

आप्पांनी एक तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या, गार बोला."

नंतर आईनं गुळाची केली. सगळ्यांनी खाल्ली, आप्पांनीही दोन, जेवणाबरोबर, आणि वर चूळ. सणाला एवढं चालायचंच.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा मोजणी. झायलिटॉलच्या ५ गोळ्या, बरोबर. खिशातली डबी रिकामी. पण देवघरातल्या नैवेद्याच्या वाटीतली खडीसाखर आठवड्यात दोनदा भरावी लागतेय, पूर्वी महिन्याला एकदा लागायची. देवाची भूक वाढलीये. आप्पांकडं बघितलं तर ते पंचांग वाचत होते. रोज तीन खडे धरू.

चहाचा प्रश्न निराळा होता. कुंडीत स्टीव्हिया लावून बघितली, मूळची पॅराग्वेची, आपल्याकडं गोड तुळस म्हणून रोपवाटिकेत मिळते. जंतू तिलाही आंबवत नाहीत. पण चहात तिची पानं उकळली की मागाहून कडवट चव रेंगाळते. आप्पांनी पहिला घोट घेऊन कप कुंडीतच रिकामा केला. शेवटी तडजोड झाली ती अशी : सकाळचा आणि दुपारचा चहा साखरेचा, खाण्याबरोबर. बाकीचे दोन बिनसाखरेचे. पाचवा त्यांनी स्वतःहून सोडला, झोप लागत नाही म्हणून.

२४ वरून ५ वर. सगळी वही चाळली तर मला हाच आकडा महत्त्वाचा वाटतो, आणि तो झायलिटॉलच्या पाकिटावर कुठंही छापलेला नाही.

गोळी निम्मी केल्यावर लघवीचा त्रास वाढलेला नाही. तोंडाची कोरड "सकाळी असती, दिवसा कमी." रात्री उशाशी पाण्याचं तांब्याभांडं अजून लागतं.

१ मार्च, शनिवार

डॉक्टरबाईंकडं. मी पुन्हा वाकून उभी. सळई पहिल्या न भरलेल्या दाताच्या मुळावर टेकली आणि सरकली. रुतली नाही. जागा आता काळपट, पण गुळगुळीत आणि टणक. दुसऱ्या दातावर वरचा भाग टणक, हिरडीलगतची एक रेघ अजून मऊ. तिथं पुन्हा व्हार्निश. नवी कीड नाही.

मी वही काढून विचारलं, यातलं झायलिटॉलचं किती? बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "तीन महिन्यांत आणि एका तोंडात हे कळत नसतं. श्रेय वाटत बसू नका, पेस्ट सोडू नका, मे अखेर या." गोळ्या चालू ठेवायला त्यांची हरकत नाही. "पण त्या ब्रशच्या जागी नाहीत," हे त्यांनी माझ्याकडं न बघता आप्पांकडं बघून सांगितलं. त्यांना माणसं कळतात.

९ मार्च, रविवार

बरणी तळाला गेली, म्हणून नवा घाणा. मी पेपर तपासायला बसले होते. आप्पा म्हणाले, "तू बस, मी बघतो."

स्वयंपाकघरातून तासभर फक्त चमच्याचा आवाज. यंदा ऊस कमी, कारखान्यांचे भोंगे लवकर बंद झालेत, हवेतला मळीचा वास गेलाय. आमच्याकडं मात्र वेलदोड्याचा येत होता. वाघ्या दाराबाहेर बांधलेला.

मी उठून गेले तेव्हा साचे भरून झाले होते, काचपट्टी धुऊन उन्हात ठेवलेली, आणि ही वही ओट्यावर उघडी. माझ्या शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीनं, पॅनच्या रजिस्टरात लिहायचे त्या तिरक्या अक्षरात (कारखान्यात घाण्याला स्ट्राइक म्हणतात) :

स्ट्राइक नं. ४. माल २०० ग्रॅ. सीड १० ग्रॅ., ८७ डिग्रीला. ग्रेन एकसारखं, फॉल्स ग्रेन नाही. सोडला ४.१०. पुढच्या पाळीसाठी सूचना : मिक्सरचं भांडं कोरडं ठेवणे.